सर्जेरावच्या ट्रकचं डावं चाक

काहीतरी सांग म्हणता, पण मध्ये बोलायचं नाही, एवढं आधी कबूल करा. गाडी खोलली की आम्ही नट-बोल्ट पत्र्याच्या डब्यात टाकायचो. गाडी जोडून गिऱ्हाईक निघून गेलं तरी डब्यात दोन-चार उरलेले असायचेच! ते कुठल्या गाडीचे ते कोणाला आठवायचं नाही आणि टाकवायचंही नाही. माझ्या डोक्यात किस्से साठले ते असेच. कोणी डबा हलवला की वाजतात.

आमचं गॅरेज उंब्रजला, हायवेला लागून, एका चिंचेखाली. मालक हणमंतराव. मिलिटरीच्या वर्कशॉपात नोकरी करून आलेले, सगळी दुनिया त्यांना उस्ताद म्हणायची. मी त्यांचा फिटर, वसंता. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. दुपारी रस्ता इतका शांत असायचा की कराडकडून निघालेली एस.टी. आधी ऐकू यायची आणि आमचा एक डुलका झाल्यावर दिसायची. हवेत गुऱ्हाळाचा गोड वास असायचा. त्या वासात पाना हातात धरूनसुद्धा झोप लागते, मी लावून बघितली आहे.

आमच्याकडे बहुतेक मिलिटरीने मोडीत काढलेल्या गाड्या यायच्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेल्या. उसाच्या चिखलात त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. पण त्यांचं एक दुखणं ठरलेलं. साध्या ट्रकचं पुढचं चाक नुसतं वळतं, या गाडीचं वळतं आणि ओढतंही. त्यामुळे पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक पोकळ लोखंडी गोळा असतो, त्यातून दांडा चाकापर्यंत जातो आणि दांड्याभोवती बांगडीएवढं एक कडं बसवलेलं असतं. ते ऑइल सील. ते फाटलं की तेल चाकात उतरतं, चाकातून ब्रेकवर आणि तिथून जमिनीवर. बांगडीएवढी वस्तू, पण बदलायची तर चाक काढा, ड्रम काढा, हब काढा, गोळा सोडवा. सगळा दिवस त्यात जातो आणि अंघोळ केली तरी आठवडाभर अंगाला वास येतो.

*

उस्तादांचा एक कायदा होता. सील बदलायचं तर जोडीनं. एका बाजूचं फाटलं असेल तरी दोन्ही चाकं खोलायची आणि दोन्ही सीलं नवी घालायची. का म्हणून विचारायचं नाही.

कडेगावकडचे एक बागायतदार जीप घेऊन आले. चांगला मोठा उसाचा मळा, डोक्याला फेटा, बोलण्यात तोरा. म्हणाले, एकच चाक गळतंय, तेवढंच करा, दुसऱ्याला कशाला हात लावता. उस्ताद जीपखालून बाहेरसुद्धा आले नाहीत. खालूनच म्हणाले, "बेंदराला बैलाचं एकच शिंग रंगवता व्हय?"

बागायतदारांना राग आला. जीप घेऊन गेले आणि दुसरीकडे कुठेतरी एकच सील बसवून घेतलं.

पुढे एका सकाळी बघतो तर हायवेवरून बैलजोडी येते आहे, मागे दोराने बांधलेली जीप आणि जीपमध्ये स्टिअरिंग धरून बसलेले बागायतदार! दुसरं चाक गळून गळून जाम झालं होतं. बेंदूर नुकताच झालेला, बैलांची शिंगं अजून लाल-हिरवी चकाकत होती. उस्ताद उठले. जीपकडे बघितलंच नाही. बैलांभोवती एक फेरी मारली, शिंगं निरखली आणि मला म्हणाले, "चारी रंगवल्यात. यांचं काम घे."

*

आता सर्जेराव. हा कडेगावजवळच्या एका गावचा, पट्टीचा ड्रायव्हर, मिलिटरीत ट्रक चालवलेला. पासष्टच्या लढाईला राजस्थानच्या वाळूत होता. पेन्शन घेऊन आला, उसाचं रान भावाकडे सोपवलं आणि पुण्याकडे लिलावात जाऊन मोडीतला एक ट्रक घेऊन आला. तिथे एकाच जातीचे ट्रक रांगेने उभे होते म्हणे. हा प्रत्येकात चढून बसला. डोळे मिटायचा, स्टिअरिंगवर हात ठेवायचा आणि उतरायचा. लिलाववाल्यांना वाटलं, माणूस उन्हाने फिरलाय. एका ट्रकमध्ये बसला तो मात्र उतरेचना.

तो ट्रक थेट आमच्या चिंचेखाली आणून उभा केला आणि उस्तादांना म्हणाला, "हीच ती माझी लढाईतली गाडी."

उस्तादांनी विचारलं, कशावरून? नंबर?

"नंबर बदलत्यात. आपलं माणूस काय आपण नंबरावरनं वळखतो?"

पुढे चहा झाला की सर्जेराव ती हकिकत सांगायचा. प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. वाळूत पुढच्या चाकातून तेल गळायला लागलं. नवं सील आणायचं कुठून? त्याच्याबरोबर दत्तू म्हणून माणदेशातला पोरगा होता, घरची मेंढरं, बोलायला कमी, पण हातात कसब. "मी बंपरपुढं गाडीकडं तोंड करून उकिडवा बसल्यालो," सर्जेराव सांगायचा, "टोपीत सगळं नट-बोल्ट धरून, वाळूत हरवतील म्हणून. माझ्या डाव्या हाताला चाक आन चाकाशी दत्तू. त्यानं आपला बूट काढला, बुटाची जीभ कापली, चरबीत भिजवली आन त्याचं कडं करून बसवलं. थेंब गळाला न्हाई. मग बूट घातला आन म्हणाला, सर्जा, आता माझा बूट बोलायचा बंद झाला."

इथे सर्जेराव हसायचा आणि मग थांबायचा. कारण पुढे थोड्याच दिवसांत दत्तू गेला. सर्जेरावची बदली झाली, गाडी दुसऱ्याकडे गेली आणि दत्तूचं म्हणून याच्या हातात काही उरलं नाही.

आमच्या धंद्यात डावं-उजवं कोणी म्हणत नाही. उजवी ती ड्रायव्हर साईड, डावी ती क्लीनर साईड. सर्जेराव "डाव्या हाताला" म्हणाला की आमच्या कानाला आपोआप क्लीनर साईड ऐकू यायचं. आणि ट्रक आणला तेव्हापासून गळत होतं तेही क्लीनर साईडचंच चाक. ड्रायव्हर साईडला थेंब नाही, नुसती कोरडी धूळ. सर्जेराव म्हणायचा, बघा, कातडं आता म्हातारं झालं, म्हणून गळतंय. दत्तूचंच हाय ते.

उस्ताद एकदाच म्हणाले की बुटाचं कातडं एक हंगाम टिकलं तरी पुष्कळ, आणि मिलिटरीच्या वर्कशॉपात ते तसंच ठेवत नाहीत, पहिल्या खोलाखोलीतच फेकून देतात. ते स्वतः तिथे नोकरी केलेले, त्यांना माहीत असणारच. सर्जेराव चहा अर्धा टाकून निघून गेला. त्यानंतर उस्तादांनी तो विषय काढला नाही.

पण चाक उघडू द्यायचा नाही पठ्ठ्या! दर खेपेला यायचा, गोळ्यात तेल भरून घ्यायचा आणि जायचा. एकदा मी पाना घेऊन नुसता जवळ गेलो तर मनगट धरलं माझं.

"वसंता, उघडलं आन न्हाई निघालं तर? मग माझ्याकडं दत्तूचं काय ऱ्हायलं रं?"

मी पाना खाली ठेवला. मोठा धिप्पाड गडी, पण डोळे पाण्याने भरले होते. 

*

गळणाऱ्या गाडीचा एक तोटा असतो, तो सर्जेरावला उशिरा कळला. गाडी जिथे उभी राहील तिथे सही करून जाते.

त्याची बायको अनसूयावहिनी. बुटकी, शांत बाई, आवाज कधी चढायचा नाही. आठवडी बाजाराला ती उंब्रजला एस.टी.ने यायची आणि सर्जेराव आधीच ट्रक घेऊन आलेला असायचा. एका बाजाराला ती गॅरेजात आली, हातात भाकरीचं गठुळं. सर्जेराव माझ्याशी बोलत बसला होता. तिने विचारलं, सकाळपासून कुठं होता? तो म्हणाला, देवळात. मारुतीच्या पारावर बसलो होतो, मन लागलं.

वहिनी म्हणाली, व्हय, देवळाम्होरं डाग दिसला मला.

सर्जेराव खुलला. बघ म्हणाला.

"देवळाम्होरचा रुपयाएवढा हाय," वहिनी म्हणाली. "तमाशाच्या तंबूम्होरचा भाकरीएवढा."

आणि गठुळं सोडून तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. चांगली मोठी, परातीत थापलेली. सर्जेरावला ती काही संपली नाही. उस्ताद चिंचेच्या मागे जाऊन हसून आले.

पुढे कितीतरी दिवस तो ट्रकखाली पोतं अंथरायचा. मग वहिनी पोतं कुठं वाळत घातलंय ते विचारायची.

*

सर्जेराव हो म्हणेल तेव्हा म्हणेल, आपण सीलं आणून ठेवू, असं उस्तादांनी ठरवलं. त्या गाडीची सीलं साताऱ्यात नव्हती, कराडला नव्हती. सांगलीला एक दुकानदार जुना माल ठेवायचा. मी तिकडे निघालोच होतो, कारण मामाने तिथे मुलगी बघायचं ठरवलं होतं. एका तिकिटात दोन्ही कामं.

आधी दुकान गाठलं. जोडी मिळाली, काळी कुळकुळीत. पण ठेवायची कुठे? खिशात घातली तर दबतात, पिशवीत मामाने आणलेले पेढे. शेवटी मी दोन्ही सीलं मनगटात चढवली आणि वर शर्टाची बाही ओढून घेतली.

मुलीचे वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. घरात शिरलो तर भिंती, माणसं, गाद्या, सगळीकडे हळदीचा वास. कृष्णेचा वारा येत होता, दारात पडदा हलत होता, मला तर आपण झोपेत आहोत असंच वाटत होतं. मुलगी पोहे घेऊन आली. मी बशी घ्यायला हात पुढे केला आणि बाही मागे सरकली. मनगटात दोन काळ्या बांगड्या!

मामाचा चेहरा पडला. दिवाणजींनी चष्मा पुसला. मुलगी मात्र बघत राहिली आणि म्हणाली, हे काय आहे?

मग काय, मी सुरू झालो. पुढचं चाक कसं वळतं आणि कसं ओढतं, गोळा, दांडा, तेल, सगळं. मामा पाठीत चिमटे काढत होता. पोहे गार झाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका बाजूचं फाटलं तरी दोन्ही बदलता का?"

घरी येऊन मी उस्तादांना सगळं सांगितलं. तिचे वडील काय म्हणाले, रंग कसा, शिक्षण किती, यातलं त्यांनी काहीएक विचारलं नाही. "जोडीचं तिनं आपणहून काढलं?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

"मग तारीख काढा," उस्ताद म्हणाले.

ती आत चहा करते आहे. विचारा हवं तर.

सीलांची जोडी मात्र गॅरेजातल्या खिळ्याला लटकली ती लटकलीच. आमचं लग्न झालं, पहिली मुलगी रांगायला लागली, तरी सर्जेराव काही हो म्हणेना. मी रोज झाडताना त्या जोडीवरची धूळ पुसायचो.

*

पावसाळ्यात सर्जेरावचा ट्रक महाबळेश्वरच्या डोंगरात जायचा. तिकडे पाऊस म्हणजे काय, ते इथे बसून कळणार नाही. वरच्या वाड्यांचं धान्य संपलं की साधी गाडी तिथे चढत नाही, मग याला बोलावणं. एकदा मीही बरोबर गेलो, वाटेत तेल भरायला कोणीतरी हवं म्हणून.

उतरताना धुकं इतकं की ट्रकचं नाकसुद्धा दिसेना. वायपर आपले चालू, काचेवर पांढरं, काचेपलीकडेही पांढरं. आपण रस्त्यावर आहोत की ढगात, काही समजत नव्हतं. मी क्लीनरच्या जागेवर बसलो होतो, घोंगडी पांघरून. इंजिनाची ऊब येत होती आणि डोळे मिटत होते. सर्जेराव हळूहळू गाडी सोडत होता आणि सारखं काहीतरी पुटपुटत होता.

"दत्तू, तुझ्या बाजूला बघ रं. दरी किती लांब हाय?"

आता क्लीनर साईडला बसलेल्या माणसाला अशा वेळी काय म्हणायची सवय असते? झोपेतच माझ्या तोंडून गेलं, "येऊ द्या, येऊ द्या."

खाली पोहोचलो. टपरीवर चहा घेतला. सर्जेरावच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी बघितलं नव्हतं. बशीत चहा ओतून त्याने फुंकर मारली आणि हळूच म्हणाला, "आज दत्तू बोलला."

मी आणखी एक चहा सांगितला.

*

त्यानंतरचा पावसाळा. हे मला वहिनीने स्वतः सांगितलेलं.

वहिनीचं माहेर वर डोंगरात. माहेरपण उरकून ती ट्रकमधून परत येत होती. घाटात समोरून एस.टी. आली. सर्जेरावने ब्रेक दाबला. क्लीनर साईडच्या ब्रेकवर तेल उतरून उतरून तो कामातून गेलेला, त्यामुळे एकटं ड्रायव्हर साईडचं चाक धरलं आणि ट्रक झटक्यात उजवीकडे फिरला. एस.टी. थोडक्यात वाचली. ट्रक पलीकडच्या कठड्याला टेकून थांबला. कठड्याखाली नुसतं धुकं.

वहिनी दार उघडून खाली उतरली, डोक्यावर इरलं घेतलं आणि चालायला लागली.

सर्जेरावने हाका मारल्या. ती थांबली नाही. मग काय करतो बिचारा? पहिल्या गिअरमध्ये ट्रक तिच्या मागे सोडला. सगळा घाट ती पुढे इरल्यातून चालते आहे आणि मागून, दिवे लावून, तो अवजड ट्रक माणसाच्या चालीने येतो आहे. वाटेतल्या लोकांना वाटलं, बाई ट्रक चरायला घेऊन चालली आहे.

घाट उतरल्यावर ती वळली. म्हणाली, "दत्तूभावजींची गाडी म्हणून मी तिला रोज हळदकुंकू लावते. पर भावजींनी ते कातडं तुमचा जीव घ्यायला न्हवतं बसवलं. चाक उघडा. तवर मी हिच्यात बसायची न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव चिंचेखाली ट्रक लावून उभा. दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला. उस्तादांना म्हणाला, उघडा.

उस्तादांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकवर उचलली, एक्सलखाली लाकडी ठोकळे दिले. खिळ्यावरची जोडी उतरवून मी धुतली, तेलात बुडवून ठेवली. क्लीनर साईडचं चाक काढलं. ड्रम काढला, आतून काळं तेल सांडलं. सर्जेराव पाठ करून चिंचेकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं पाणी देऊन यावं, पण त्याच्या खांद्यांकडे बघून जवळ जाववेना.

उस्तादांनी गोळा सोडवला. दांडा बाहेर ओढला. आतलं सील हुकाने काढलं आणि कॉटन वेस्टने पुसलं. मी बघितलं. रबरी सील. कंपनीचा शिक्कासुद्धा नीट वाचता येत होता.

उस्ताद सील हातात धरून तसेच बसले. शेवटी सर्जेरावनेच विचारलं, वळून न बघता, "काय हाय?"

"रबर हाय, सर्जेराव."

तो वळला. सील हातात घेतलं, फिरवून बघितलं, परत दिलं. जमिनीवर बसला.  मग म्हणाला, न्हाई ही ती गाडी. मी येडा. त्या लिलावात दहा गाड्या हुत्या, त्या दहातलीच ही एक. गिऱ्हाईक बघा उस्ताद, हिला विकून टाकतो.

 त्या गाडीत तो आठवड्यातले चार दिवस जेवायचा, झोपायचा, हिवाळ्यात बॉनेटवर घोंगडी टाकायचा. आणि आता तिच्याकडे बघतही नव्हता. उस्ताद म्हणाले, काम तर पुरं करू. क्लीनर साईडला नवं सील ठोकून बसवलं, चाक चढवलं, आणि ठरलेल्या कायद्याप्रमाणे पाना घेऊन ड्रायव्हर साईडला गेले. चाक उतरवलं. पाना हबच्या नटाला लावला.

तेवढ्यात वहिनी आली. तिला घरी राहवलं नव्हतं, दुपारच्या एस.टी.ने आली होती. काही विचारावं लागलं नाही तिला. नवऱ्याचा चेहरा बघूनच कळलं. ट्रकच्या पुढे, बंपरसमोर एक दगड होता, त्यावर ट्रककडे तोंड करून बसली आणि भाकरीचं गठुळं मांडीवर घेतलं. एकदा या चाकाकडे बघितलं, एकदा त्या चाकाकडे. मग आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं.

"आवं," ती म्हणाली, "तुमी तवा बसलावता कुठं?"

सर्जेराव म्हणाला, आता काय करायचंय ते.

"सांगा तर."

"बंपरपुढं."

"तोंड कुणीकडं?"

"गाडीकडं." तो कंटाळून बोलला.

"मग हितं या. माझ्या जागंवर बसा."

ती उठली. तो आला, का आला ते त्यालाही कळलं नसावं. दगडावर न बसता तिथेच उकिडवा बसला, ट्रककडे तोंड करून. दोन्ही हात पुढे झाले, टोपी धरल्यासारखे. मी बघतोय. मग त्याने डावा हात हळूच बाजूला केला.

हात ड्रायव्हर साईडला गेला. दत्तू बसला होता ते चाक हे.

ज्या चाकातून त्या ट्रकच्या जन्मात आम्ही थेंब पडलेला बघितला नव्हता, त्या चाकाच्या हबकडे त्याची बोटं वळली. उस्तादांचा पाना तिथेच नटावर होता.  त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, पण वहिनीने पदर तोंडाला लावला. ओल्या मातीचा वास येत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही तिघेही उस्तादांकडे बघत होतो.

उस्तादांनी कोरड्या गोळ्यावरून बोट फिरवलं. बोट उन्हात धरून बघितलं. नुसता वाळलेला चिखल. मग पाना नटावरून काढला, पुसला आणि पेटीत ठेवला. चाक स्वतःच्या हाताने परत चढवलं. उरलेलं एक सील तेलातून काढून मला दिलं आणि खिळ्याकडे मान केली.

माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणालो, "उस्ताद, एकच शिंग?"

"दुसरं कवाचं रंगवल्यालं हाय," उस्ताद म्हणाले. "जॅक उतरव."